ब्याण्णव रुपयांची सूट

आमच्या शेजारच्या नागप्पांना या जगात दोनच गोष्टी प्रिय आहेत. एक गळ्यातलं इष्टलिंग आणि दुसरी सूट. इष्टलिंग गळ्यातच असतं, त्यामुळे त्याच्यामागे धावावं लागत नाही. सूट मात्र कुठे, कधी, कशावर जाहीर होईल याचा नेम नाही, म्हणून अप्पा रोज तीन वर्तमानपत्रं वाचतात. एक माझं, एक समोरच्या कटिंगच्या दुकानातलं आणि एक बसस्टँडच्या कँटीनमधलं. स्वतःचं एखादं घ्या म्हटलं तर म्हणतात, "बाई, वर्षाचे पैसे एकदम भरले तर काय कमी करतेत का, ते इचारून ठेवलंय."

मला सगळं गाव बाई म्हणतं. नाव सौदामिनी, चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आणि आता निवृत्त होऊन लोकांचे अर्ज लिहून देते, तेही फुकट. अप्पांची आणि माझी भिंत एकच आहे. इकडे मी फोडणी टाकली की तिकडे शिंक येते. गावाचं नाव सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या मधलं, देवणीच्या अंगाचं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पालिकेतले लोक भांडायला येतील, आणि त्यांतले निम्मे माझेच विद्यार्थी आहेत. त्यांना शुद्ध मराठीत भांडता येत नाही, मग मलाच लाज वाटते.

अप्पांचं बाजारात घागरी, बादल्या आणि प्लॅस्टिकच्या ड्रमांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. दारू नाही, विडी नाही, कुणाला उलटून बोलणं नाही. पण "यावर कर माफ आहे" असं कुणी नुसतं पुटपुटलं, तरी त्यांचे डोळे चमकतात. वस्तू काय आहे, तिचा घरात उपयोग काय, हे प्रश्न नंतरचे. मागे एकदा सरकारी सवलतीत सूर्यचूल मिळते म्हणून घेऊन आले. सकाळी तिच्यात ठेवलेली तुरीची डाळ दुसऱ्या दिवशी दुपारी शिजली. आता त्या सूर्यचुलीत लाइटची जुनी बिलं असतात, आणि ती मात्र चांगली उबदार राहतात.

त्यांच्या बॅटरीवरच्या स्कूटरची गोष्ट तर गल्लीत अजून सांगतात. ना पासिंग, ना टॅक्स, ना लायसन, अशी जाहिरात आली आणि अप्पांनी तिसऱ्या दिवशी स्कूटर दारात उभी केली. नारळ फोडला, विभूतीचे तीन पट्टे ओढले. स्कूटर चार्ज व्हायला आठ तास लागायचे आणि त्या काळात आमच्याकडे दहा तास लाइट जायची. त्यातही कधी जाईल ते त्या लाइटलाही माहीत नसायचं. एकदा अप्पा बायकोला, गंगाक्काला, मागे बसवून लेकीकडे, देवणीच्या महादेवीकडे निघाले. देवणीच्या अलीकडे कोसभरावर स्कूटर मुकाट उभी राहिली. मग पुढे अप्पा सीटवर बसलेले आणि मागून गंगाक्का स्कूटर ढकलतेय, अशी वरात लेकीच्या दारात गेली. गंगाक्का म्हणाली, "आवं, तुमी तरी उतरा की." तर म्हणाले, "म्या उतरलो तर ह्यांडल कोण धरंल?" जावयानं विचारलं, मामा, गाडी कशी आहे? अप्पा म्हणाले, "लई भारी. रोडटॅक्स एक पैसा न्हाई."

गंगाक्काचं खरं नाव गंगम्मा. सतरा वर्षांची असताना या घरात आली आणि आल्या दिवसापासून तिच्या वाट्याला तांब्याचा बंब आला. अप्पांचा नेम असा की पहाटे साडेचारला कडक पाण्यानं अंघोळ, मग लिंगपूजा, मग तोंडात पाण्याचा थेंब. मे महिन्यातही कडक पाणी. "गार पाण्यानं चित्त लागत न्हाई," असं ते सांगतात. अप्पांचं चित्त लागावं म्हणून गंगाक्का चारला उठायची. काल रात्रीची राख काढायची, तुराट्या मोडायची, बाभळीच्या ढलप्या घालायची आणि फुंकणी घेऊन बसायची. पहाटे मला भिंतीपलीकडून आधी राख खरवडल्याचा आवाज यायचा, मग फुंकणीचा, मग खोकल्याचा. एक्केचाळीस वर्षं. मी कधी गजराचं घड्याळ घेतलं नाही, त्याची आज मला लाज वाटते.

मग एका वर्षी खोकला फार वाढला. मी मागे लागले तेव्हा अप्पा तिला लातूरला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, दिवसाला किती विड्या ओढता?" अप्पांना भयंकर राग आला. लिंगायताच्या घरातल्या बाईला असं विचारतात म्हणजे काय! डॉक्टरनं समजावून सांगितलं की छाती धुरानं गेलीय, आता धूर बंद झाला नाही तर पुढच्या वेळी ऑक्सिजन लावून आणावं लागेल. घरी येईपर्यंत अप्पा विड्यांवरच अडून बसले होते. धुराचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "आता काय गॅसवर पाणी तापवायचं? पंधरा दिसांत टाकी संपंल. आन् गिझर लावला तर मीटर पळतंय." गंगाक्का पदर तोंडाला लावून खोकत होती. मी घरी आले आणि भांडी आपटली. दुसरं काय करणार?

पण देव दयाळू असतो, आणि त्याच्याहून पालिका दयाळू असते. दोन हजार पंधराचा दसरा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेलेला. त्याच वेळी गावाला जिल्ह्याचं वेड लागलं होतं. आपलं गाव नवा जिल्हा होणार, सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली घोषणा होणार, असं चहाच्या गाड्यावर पक्कं ठरलं होतं. कलेक्टर ऑफिस कुठे होणार यावरून तर दोन जणांची मारामारीही झाली. जिल्ह्याचं गाव म्हणजे कसं हिरवंगार, पर्यावरणवालं पाहिजे, म्हणून पालिकेनं ठराव केला की जो कुणी छतावर सोलरचा पाणीतापक बसवील, त्याला घरपट्टीत पाच टक्के सूट. गावात हिरवं म्हणावं असं तेव्हा फक्त पालिकेच्या दाराला लावलेलं रंगकाम होतं.

अप्पा माझंच वर्तमानपत्र हातात घेऊन माझ्याकडे धावत आले. "बाई, लिवा अर्ज. जिल्हा झाला की घरपट्टी दुप्पट व्हणार. त्याच्या आत सूट पक्की करून टाकायची."

मी विचारलं, "अप्पा, घरपट्टी किती येते तुम्हाला?"

"अठराशे चाळीस."

"म्हणजे सूट ब्याण्णव रुपये. आणि सोलर केवढ्याला?"

"बावीस हजार."

मी कागदावर भागाकार करून दाखवला. दोनशे एकोणचाळीस वर्षांनी पैसे वसूल. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गणित मलाच येत नाही. "बाई, पैका एकदाच जातोय. सूट दरसाल येती."

गंगाक्का दारात उभी होती. तिला ब्याण्णव कळले नाहीत आणि बावीस हजारही कळले नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "मंग बंब पेटवायचा न्हाई का पुन्हा?" मी म्हटलं, नाही पेटवायचा. ती म्हणाली, "मंग लिवा बाई. कशापायी का आनंनात, आनूंद्या." डॉक्टरनं सांगून जे झालं नाही, ते पाच टक्क्यांनी एका तासात झालं. मी अर्ज लिहायला बसले. अर्जामागे बारीक अक्षरात नियम होते, ते मी मोठ्यानं वाचले. सातवा नियम असा होता: सवलत घेतल्यावर घरात सरपणावर पाणी तापवताना आढळल्यास सवलत रद्द होईल आणि दुप्पट दंड वसूल केला जाईल. अप्पा म्हणाले, "हां हां, पुढं चला." दारातली गंगाक्का मात्र पुढे गेली नव्हती. तिनं मला तो नियम पुन्हा वाचायला लावला.

दिवाळीच्या पाडव्याला छतावर सोलर बसलं. काचेच्या लांब नळ्या आणि वर दोनशे लिटरची पांढरी टाकी. अप्पांनी टाकीलाही तीन पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी पहाटे नळातून वाफाळतं पाणी आलं. मी चारला जागी झाले, सवयीनं, आणि भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, काही बरंवाईट झालं की काय. सातला जाऊन पाहिलं तर गंगाक्का अंथरुणावर झोपलेली. तोंड उघडं, हात डोक्याखाली. एक्केचाळीस वर्षांत त्या घरात सूर्य तिच्या आधी उठला नव्हता.

असे अकरा दिवस गेले. खोकला निम्म्यावर आला. ती माझ्याकडे येऊन दुपारी गप्पा मारायला लागली, हसायला लागली. बाराव्या दिवशी अप्पांच्या अंगणातल्या बोअरनं आधी चिखल आणि मग नुसती हवा ओकली. तीनशे फुटांवर होतं नव्हतं ते पाणी संपलं. अप्पांनी पाइपाच्या तोंडाला कान लावून पाहिला. पाणी तापवायचं यंत्र वर होतं, सूर्यही होता, भरपूर होता. फक्त तापवायला पाणी नव्हतं.

गल्लीत पालिकेचा टँकर आठ दिवसांनी यायचा आणि घरामागे दोन ड्रम मिळायचे. सोलरची टाकी अशी असते की पूर्ण दोनशे लिटर भरल्याशिवाय नळाला थेंब येत नाही. म्हणजे रोजच्या एका घागरीचा तिला काही उपयोग नव्हता. बंब मात्र एका घागरीवर खूश असतो. झालं! राख, फुंकणी, खोकला, सगळं पुन्हा सुरू. या वेळी खोकल्याच्या मागून एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, तो आधी नव्हता. मी ओरडले, "अप्पा, चार दिवस गार पाण्यानं अंघोळ करा, मरत नाही कुणी." ते म्हणाले, "बाई, बापानं घालून दिलेला नेम हाय." बापानं बायकोला मारायचा नेम घालून दिला नव्हता, हे मी तोंडावर बोलले. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. सगळा बाजार ओस पडला होता तेव्हा अप्पांचे ड्रम मात्र धडाधड विकले जात होते, आणि घरात पाणी दोन ड्रम.

जानेवारीत थंडी पडली. पंचवीस तारखेला सकाळी नऊ वाजता पालिकेतून फोन आला. सूट मागणाऱ्यांची तपासणी आजच संपवायची आहे, कारण उद्या जिल्हा जाहीर होणार. बाराला साहेब येतील, नळातून गरम पाणी आलेलं पाहतील, सही घेतील. अप्पा म्हणाले, "साहेब, दुष्काळ हाय. पाणी न्हाई." पलीकडून उत्तर आलं, पाणी नाही म्हणजे संयंत्र बंद, आणि बंद संयंत्राला सूट नाही. फोन बंद.

अप्पांनी डोक्याला हात लावला. घरात पाणी होतं, कालच टँकर येऊन गेला होता, दोन ड्रम काठोकाठ होते. पण ते वर ओतायचं कसं? सोलरवाल्यानं बजावून ठेवलं होतं की रिकाम्या नळ्या उन्हात तापलेल्या असताना गार पाणी सोडलं तर काच फुटते. आणि नाही फुटली तरी तीन तासांत जानेवारीच्या उन्हात दोनशे लिटर पाणी काही चटका बसण्याइतकं तापत नाही. अप्पा अंगणात चार फेऱ्या मारून आले. मग त्यांच्या डोक्यात ती गोष्ट आली, जी फक्त त्यांच्याच डोक्यात येऊ शकते.

"गंगे," ते म्हणाले, "बंब पेटीव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सरपण बंद झालंय हे दाखवायला सरपण पेटवायचं. बंबात पाणी तापवून जिन्यानं वर न्यायचं, सोलरच्या टाकीत ओतायचं, आणि मग सोलरनं पाणी तापवलं म्हणून साहेबाला दाखवायचं. "आन् पाणी वाया जात न्हाई बाई," अप्पा मला समजावत होते, "वर जातंय ते नळानं खालीच येतंय." मी म्हटलं, "आणि तिची छाती?" अप्पा म्हणाले, "आजच्या दीस. सूट झाली की झालं." गंगाक्का तुराट्या मोडायला लागली.

एका वेळी बंबात जेमतेम तीस लिटर पाणी मावतं. सात बंब तापवायचे होते. मी ठणकावून सांगितलं की मी हात लावणार नाही, आणि पंधरा मिनिटांनी मीच बादली घेऊन जिना चढत होते, कारण नाहीतर ती चढली असती. अप्पांनी नळ्यांवर आधी ओल्या गोधड्या टाकल्या, निवाव्या म्हणून. सासष्ट वर्षांचा माणूस धोतर खोचून तेवीस पायऱ्या चढत होता, उतरत होता, आणि प्रत्येक फेरीला "शिवा शिवा" म्हणत होता. खाली न्हाणीत धुराचा लोट, त्यात गंगाक्का. चौथ्या बंबाला तिला असा खोकला आला की ती भिंतीला धरून खाली बसली. मी पाणी दिलं. ओठ निळसर झाले होते. मी अप्पांना हाक मारली, म्हटलं बस्स करा आता, नको ती सूट. अप्पा आले, पाहिलं, घाबरले. खरंच घाबरले, खोटं कशाला बोलू. त्यांनी बादली खाली ठेवली. पण गंगाक्कानं हातानं खूण केली आणि म्हणाली, "ऱ्हाऊंद्या. तीनच ऱ्हायलेत. पुरं करू." तेव्हा मला वाटलं, या बाईला नवऱ्याचं एवढं वेड! माझंही डोकं कधीकधी चालत नाही.

बाराला पाच मिनिटं कमी असताना सातवा बंब वर गेला. अप्पांनी गोधड्या काढल्या, निखारे विझवून बंब जुन्या धोतरानं झाकला आणि धूप पेटवून घरभर फिरवला. साहेब आले. बघते तर उद्धव! माझ्या वर्गात नववीत दोन वर्षं बसलेला. वाकून माझ्या पाया पडला. "बाई, तुमच्या हातचा मार खाल्ला म्हून आज कर-निरीक्षक झालो."

"मराठीत तीसपैकी सात होते तुला," मी म्हटलं.

तो खूश झाला. न्हाणीत आला, नळ सोडला, बोट धरलं आणि ओरडलाच. "आरं बापरं! चटका बसला की! अप्पा, लई पावरफुल हाय तुमचं सोलर. एवढं गरम आमी कुठंच बगितलं न्हाई." अप्पांची छाती फुगली. खरंच फुगली, तेवढ्यात ते स्वतःही विसरले होते की सात बंब कुणी तापवले. मग उद्धवनं नाक वर केलं. "अप्पा, धुराचा वास कशाचा?"

"धूप हाय साहेब. पूजेचा."

"तुराटीचा वास यायलाय."

"ते... शेजारी हाय. बाईंच्या घरी बंब हाय."

वीस वर्षं माझ्या घरात गिझर आहे. उद्धवनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गुरूनं शिष्याला निराश केलं. वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. त्या क्षणी अप्पांच्या डोक्यात घागर घालावी असं मला मनापासून वाटलं. पुढे महिन्याभरात पालिकेचं पत्रही आलं मला, प्रदूषण टाळा म्हणून. ते मी जपून ठेवलंय.

"आता घरातल्या बाईची सही पाहिजे," उद्धव म्हणाला, "आन् शेजारचा एक साक्षीदार."

गंगाक्का आली. तोंड धुऊन आली होती, पण कानामागे काजळी तशीच होती आणि डोळे लालभडक. उद्धव म्हणाला, "आजी, सर्दी झाली व्हय?" ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाई, काय लिवलंय ते वाचा. समदं वाचा."

मी वाचलं. सदर संयंत्रामुळे घरातील सरपणाचा वापर पूर्णपणे बंद झाला असून यापुढे तो केला जाणार नाही. मग तो सातवा नियम. नियम छापलेला होता, पण सरपण बंद झाल्याचं ते पहिलं वाक्य माझ्याच अक्षरात होतं.

"म्हंजी बंब पेटवायचा न्हाई?" तिनं उद्धवला विचारलं.

"न्हाई आजी."

"पेटविला तर?"

"सूट गेली. वर दुप्पट दंड. आमी कवाबी तपासायला येऊ शकतो."

"कवाबी? पहाटंबी?"

उद्धव हसला. "पहाटंबी येऊ."

तिनं अप्पांकडे पाहिलं. "करू का सही?"

"आगं कर की!" अप्पा घाईला आले होते. "हाव, हाव. कर लौकर. साहेबांना खोळंबा व्हतोय."

तिनं पदराला हात पुसले आणि सही केली. एकेक अक्षर, दाबून, कागद फाटेल इतकं दाबून: गंगम्मा नागप्पा. खाली मी सही केली. चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या आणि त्यातल्याच एका पोरासमोर धडधडीत खोट्यावर सही केली. मला माझी शरम वाटली. पेन बंद करताना मी गंगाक्काकडे पाहिलंही नाही.

उद्धव गेल्यावर अप्पा लगेच रिकामे ड्रम घेऊन नळाखाली आले, पाणी परत उतरवून घ्यायला. न्हाणीचं दार आतून बंद होतं. "गंगे? आगं, काय करायलीस?"

आतून बादली भरल्याचा आवाज आला. "अंघुळ."

"किती घेतलंस पाणी?"

"दोन बादल्या." मग थोड्या वेळानं, "तिसरी भरायले."

एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यासाठी पाणी तापवून स्वतः उरलंसुरलं कोमट अंगावर घेणाऱ्या बाईनं त्या दिवशी दुष्काळात तीन बादल्या कढत पाणी घेतलं. अप्पा दारासमोर उभे होते. एकदा हात वर केला, दार वाजवायला, आणि तसाच खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. पहाटे चारला मी जागी झाले. राखेचा आवाज नाही. फुंकणी नाही. साडेचारला अप्पांचा आवाज आला, "गंगे, पाणी?"

"ड्रमात हाय."

"बंब पेटला न्हाई?"

"न्हाई. काल सही केली की."

"आगं, ते कागदावर!"

"मंग कागुद खोटा हाय म्हून पालिकेत सांगून या. साहेब पहाटंबी येतो म्हणलाय. दुप्पट दंड हाय." आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसं सांगत होती. सातही बंब तिनं कशासाठी पुरे केले, ते मला तेव्हा, अंथरुणात, कळलं. मी तोंडात पदर कोंबून हसले, आणि मग हसता हसता रडूही आलं.

मग तांब्या ड्रमात बुडला आणि गल्ली दणाणली, "शिवा शिवा शिवा शिवा!" चार तांबे मोजले मी. चार वेळा शिवाचं नाव एवढ्या कळवळ्यानं अप्पांनी आयुष्यात घेतलं नसेल.

सातला ते माझ्या दारात आले. केस ओले, दात वाजताहेत, अंगावर घोंगडं, हातात कोरा कागद. "बाई, अर्ज लिवा."

"कशाचा?"

"सूट नको म्हून."

मी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. नागप्पा आणि सूट परत! तो दिवस काही साधा नव्हता. तिकडे मैदानात लोक झेंड्याखाली जमत होते, नवा जिल्हा ऐकायला. तो जिल्हा काही त्या दिवशी आला नाही, अजूनही आलेला नाही. एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेवढं आलं.

"लिहिते," मी म्हटलं. "पण सही तिची होती. सूट नको म्हणायलाही तिचीच सही लागेल. बोलवा तिला."

अप्पा घरी गेले. मी मागोमाग जाऊन त्यांच्या दारातून बघत होते. खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन ते थांबले. आत गंगाक्का झोपलेली होती, भिंतीकडे तोंड करून, गोधडी कानापर्यंत ओढून. अधूनमधून ती बारीक शिट्टी वाजत होती, पण संथ वाजत होती. अप्पा किती वेळ तसेच उभे होते कोण जाणे. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, आत जाऊन तिच्या अंगावर टाकलं आणि पाय न वाजवता बाहेर आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"निजलीय," ते म्हणाले.

"मग उठवता का?"

त्यांनी कोऱ्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कुडकुडत माझ्या पायरीवर बसले.

"निजूंद्या," म्हणाले. "च्या करा बाई जरा. लई गार हाय."